सोसायटीची पावती म्हणजे सर्टिफिकेट नव्हे

वाचकाचं पत्र:

ताई, मी अमेरिकेत न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून कॅमेऱ्यानं रुग्णांची चित्रं घेते. २०१६ साली कोर्स संपला आणि लगेच सर्टिफिकेट देणाऱ्या दोन्ही बोर्डांच्या परीक्षा दिल्या, त्यामुळे नावापुढे एनएमटीसीबीचं सीएनएमटीही आहे आणि एआरआरटीचं आरटी-एनही. दरवर्षी दोघांची फी भरायची, वर आमच्या व्यवसायाच्या सोसायटीची वर्गणी. हॉस्पिटल यातल्या एकाचेच पैसे देतं. मागच्या आठवड्यात एआरआरटीचं पत्र आलं, की दोन वर्षांत करायच्या शिक्षणाच्या २४ तासांपैकी, म्हणजे क्रेडिटपैकी, माझे १५च नोंदलेले आहेत आणि मुदत पाच आठवड्यांत संपतेय. मी इतकी वर्षं सोसायटीची सभासद आहे, सगळं आपोआप पोचतं असंच धरून चालले होते. केलेल्या क्रेडिटची यादी सोबत जोडतेय. त्यात आमच्याकडे नवा स्पेक्ट-सीटी कॅमेरा आलाय, म्हणजे आमचा नेहमीचा कॅमेरा आणि एक्स-रेवर चालणारा सीटी एकाच यंत्रात. मॅनेजर एकदा म्हणतात सीटीचं वेगळं सर्टिफिकेट काढ, एकदा म्हणतात तोवर चालव, कोण विचारतंय. मला खरंच कळेनासं झालंय. सोसायटी सोडू का? दोनातलं एक सर्टिफिकेट सोडू का? आणि जाता जाता, माझ्या भाच्यानं भारतात हाच डिप्लोमा केलाय. त्याला इथे परीक्षा देता येईल का?

— चक्रावलेली

प्रिय चक्रावलेली,

तुमच्या पत्रात पाच प्रश्न आहेत, पण घड्याळ एकाच प्रश्नावर चालू आहे. म्हणून आधी ते नऊ क्रेडिट.

यादी मी दोनदा वाचली. त्यात एक चार तासांची वेबिनार मालिका दोन ठिकाणी आली आहे. एकदा तुम्ही ती थेट पाहिलीत, दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग लावून. एकाच दोन वर्षांच्या चक्रात तोच कार्यक्रम दुसऱ्यांदा धरला जात नाही, मग तुम्ही तो कितीही मन लावून पाहिलेला असो. ते चार गेले. उरलेले पाच तास नव्या कॅमेऱ्याच्या कंपनीनं दिलेल्या प्रशिक्षणाचे दिसतात. कंपनीचा माणूस आठवडाभर तुमच्याशेजारी उभा राहून शिकवतो, आणि ते शिकणं खरंच उपयोगाचं असतं. पण त्या प्रशिक्षणाला मान्यताप्राप्त संस्थेची आधी मंजुरी असेल तरच त्याचे क्रेडिट होतात. उद्या सकाळी कंपनीला मेल करा आणि एवढंच विचारा: या प्रशिक्षणाला क्रेडिटची मंजुरी आहे का, असेल तर माझ्या नावाचं प्रमाणपत्र आणि मंजुरी क्रमांक पाठवा. उत्तराची वाट बघत बसू नका. नऊच्या नऊ नव्यानं करायचे आहेत असं समजून आजच सुरुवात करा.

पाच आठवड्यांत नऊ तास होतात. सोसायटीचं टेक्नॉलॉजिस्टांसाठीचं नियतकालिक तुमच्या घरी येतच असेल. त्यातल्या ठरावीक लेखांवर प्रश्न सोडवून क्रेडिट मिळतात. ऑनलाइन व्याख्यानंही भरपूर आहेत. प्रत्येक वेळी प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच दिवशी एआरआरटीच्या खात्यात स्वतः नोंदवा. सोसायटी तुमच्या क्रेडिटची नोंद ठेवते, त्याला ते व्हॉइस म्हणतात. पण ती नोंद बोर्डापर्यंत पोचली की नाही हे पाहायचं काम सर्टिफिकेट ज्याच्या नावावर आहे त्याचं. तुम्ही इतकी वर्षं निर्धास्त राहिलात ते नेमकं याच जागी.

मुदतीचा हिशेबही नीट लिहून ठेवा. एआरआरटीचं दोन वर्षांचं चक्र तुमच्या जन्ममहिन्यावर चालतं. ते जन्ममहिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतं आणि दोन वर्षांनी जन्ममहिन्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतं. एनएमटीसीबीलाही दोन वर्षांत २४ तासच हवेत, पण दोघांची चक्रं एकाच तारखेला संपतील असं धरू नका. केलेला तास दोन्हीकडे दाखवता येतो, फक्त दोन्हीकडे वेगवेगळा नोंदवावा लागतो. एआरआरटीकडे जास्तीचे तास पुढच्या चक्रात सरकत नाहीत.

मुदत चुकली तर एआरआरटी प्रोबेशनवर टाकते आणि राहिलेले तास पुरे करायला वेळ देते. त्या भरवशावर मात्र राहू नका. त्या वेळात केलेले तास फक्त मागची थकबाकी फेडतात, नव्या चक्रात धरले जात नाहीत. शिवाय तुमचं राज्य आणि तुमचं हॉस्पिटल प्रोबेशनकडे कसं पाहतं हे त्यांच्या हातात असतं, बोर्डाच्या नाही. आणि एक गोष्ट कळवळून सांगते. मागची तारीख टाकून प्रमाणपत्र देतो म्हणणारे भेटतात. तिकडे वळू नका. तास कमी पडले ही चूक आहे, ती भरून निघते. खोटं प्रमाणपत्र हा सचोटीचा प्रश्न होतो आणि त्याची चौकशी वेगळी चालते. मी ज्या विभागात काम करत होते तिथल्या एका अतिशय हुशार मुलीनं हे केलं होतं. तिच्याइतकं शांतपणे लहान मुलांना सुई लावणारं मी कुणी पाहिलं नाही. ती आज या व्यवसायात नाही.

आता मुळाशी येऊ. तुमचा सगळा गोंधळ एका गोष्टीतून आला आहे: सोसायटी, बोर्ड आणि राज्य ही तीन वेगळी घरं आहेत, आणि तुम्ही तिन्हींच्या चाव्या एकाच जुडग्यात अडकवल्या आहेत. यात तुमचा दोष थोडा. या घरांची नावं सारखी, आद्याक्षरं सारखी, आणि सगळ्यांची पत्रं एकाच इनबॉक्समध्ये.

पहिलं घर सोसायटीचं. सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन १९५४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात सुरू झाली, ती डॉक्टर आणि शास्त्रज्ञांची म्हणून. २०१२ मध्ये नावात मॉलिक्युलर इमेजिंग जोडलं गेलं आणि ती एसएनएमएमआय झाली. कॅमेऱ्याशी उभं राहून प्रत्यक्ष काम करणाऱ्या आपल्या लोकांचा स्वतंत्र विभाग व्हायला १९७० उजाडलं. तोवर या कामात माणसं निरनिराळ्या वाटांनी येत: कुणी एक्स-रेमधून, कुणी लॅबमधून, कुणी नर्सिंगमधून. परीक्षा घेई ती एक्स-रेवाल्यांची किंवा लॅबवाल्यांची रजिस्ट्री, म्हणजे त्यांची नोंदणी संस्था. आपली परीक्षा आपल्या कामावर असावी, आपल्या लोकांनी ती लिहावी, या आग्रहातून १९७७ मध्ये एनएमटीसीबी उभं राहिलं. मला या इतिहासाचा अभिमान वाटतो आणि तो लपवायचं कारण नाही. किरणोत्सारी द्रव्य मोजणं, ते शिरेत सोडणं, रुग्णाच्या अंगातून येणारे गॅमा किरण टिपणं, हा एक्स-रेचा पोटविषय नाही, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

पण बोर्ड सोसायटीच्या आत ठेवलं नाही, ते स्वतंत्र ठेवलं. हे बरोबरच झालं. जी संस्था वर्ग घेते, वर्गणी घेते आणि व्यवसायाची बाजू मांडते, तिनंच परीक्षक व्हावं हे बरं नाही. म्हणून तुमची वर्गणीची पावती बोर्डाच्या दृष्टीनं काहीच नाही. उलट वर्गणी भरली नाही म्हणून सीएनएमटी जातही नाही. एआरआरटी तर त्याहून निराळी. ती १९२२ पासूनची, मूळ एक्स-रेची रजिस्ट्री, न्यूक्लिअर मेडिसिन हे तिच्या अनेक शाखांपैकी एक.

तिसरं घर राज्याचं, आणि लोक विसरतात ते हेच. सर्टिफिकेट बोर्ड देतं, पण त्या राज्यात काम करण्याची परवानगी देणं हा राज्याचा अधिकार. १९८१ मध्ये केंद्र सरकारनं किरणोत्सर्गाचं काम करणाऱ्यांसाठी किमान शिक्षणाचे निकष ठरवणारा कायदा केला, पण ते निकष स्वीकारायचे की नाही हे राज्यांवर सोडलं. ती ऐच्छिकता काढून टाकावी म्हणून सोसायटी आणि एएसआरटी (एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टांची संघटना) यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केले. २००६ मध्ये सेनेटनं ते विधेयक मंजूर केलं, प्रतिनिधिगृहात ते अडकलं, आणि कायदा काही झाला नाही. त्यामुळे आजही एका राज्यात लायसन्सशिवाय डोसला हात लावता येत नाही आणि दुसऱ्या राज्यात तसा नियमच नसतो. किरणोत्सारी द्रव्यांवर नजर ठेवणारं केंद्राचं न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन परवाना देतं ते संस्थेला. त्या परवान्यात अधिकृत डॉक्टरचं नाव असतं आणि आपण त्याच्या देखरेखीखाली काम करतो. कमिशन टेक्नॉलॉजिस्टला परवाना देत नाही.

मग सर्टिफिकेटला एवढं वजन आलं कुठून? एक मोठा भाग पैशातून. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा. त्याच्या २००८ च्या कायद्यानं ठरवलं, की १ जानेवारी २०१२ पासून हॉस्पिटलबाहेरच्या केंद्रांना सीटी, एमआरआय आणि न्यूक्लिअर मेडिसिनच्या तपासण्यांच्या तांत्रिक कामाचे पैसे मेडिकेअरकडून हवे असतील तर त्यांना ॲक्रेडिटेशन, म्हणजे दर्जाची मान्यता, हवी. ॲक्रेडिटेशन देणारे येतात तेव्हा कॅमेऱ्याच्या नोंदींबरोबर माणसांच्या फायलीही उघडतात. तुमच्या मुदत संपलेल्या सर्टिफिकेटचा कागद तेव्हा एकट्या तुमचा राहत नाही, विभागाचा होतो. म्हणून पहिलं वाक्य मॅनेजरला आजच सांगा: माझे नऊ क्रेडिट कमी आहेत, या तारखेपर्यंत मी ते पुरे करते आहे. त्यांना हे तुमच्याकडून कळू दे, फाइल उघडणाऱ्या परक्या माणसाकडून नको.

आता सीटी. या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे रुग्णाचा संबंध येतो.

आपल्या कॅमेऱ्यात किरण रुग्णाच्या अंगातून येतात. एकदा डोस दिला की तुम्ही वीस मिनिटं चित्र घ्या की चाळीस, रुग्णाला मिळणारा किरणोत्सर्ग तोच. सीटीचं तसं नाही. तिथे तुम्ही बटण दाबता तेव्हा किरण निघतात आणि किती निघायचे ते तुम्ही निवडलेल्या आकड्यांवर ठरतं. आयुष्यभर इंजेक्शनच्या हिशेबात मुरलेल्या माणसाला हा फरक डोक्यात बसवायला वेळ लागतो. मला लागला. पुन्हा स्कॅन करू या हे आपण आपल्या कॅमेऱ्यावर सहज म्हणतो, सीटीवर तसं म्हणता येत नाही.

हा प्रश्न नवा नाही. पिट्सबर्गमध्ये डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी पेट (न्यूक्लिअर मेडिसिनचाच एक स्कॅन) आणि सीटी एका यंत्रात आणले, त्या पहिल्या यंत्रावर १९९८ मध्ये रुग्णांची तपासणी सुरू झाली. थोड्याच वर्षांत यंत्रं बाजारात आली आणि विभागाविभागांत भांडणं लागली: हे यंत्र कुणाचं? आपले लोक सीटी शिकलेले नाहीत, सीटीच्या लोकांना आयसोटोप हाताळता येत नाही. एका रुग्णासाठी दोन टेक्नॉलॉजिस्ट उभे करायचे का? २००२ मध्ये सोसायटीचा टेक्नॉलॉजिस्ट विभाग आणि एएसआरटी एकत्र बसले, आणि दोन्हीकडच्या लोकांना दुसरी बाजू शिकून परीक्षा देण्याचा रस्ता त्यानंतर हळूहळू मोकळा झाला. आज दोन्ही बोर्डांची सीटीची परीक्षा आहे आणि तुम्ही दोन्हींसाठी दार ठोठावू शकता. एआरआरटीच्या सीटीसाठी १६ तासांचं ठरावीक शिक्षण आणि ठरलेल्या तपासण्या स्वतः करून त्यांची नोंद लागते. एनएमटीसीबीच्या सीटीसाठीही सीटीचं शिक्षण आणि सीटीवर काम केलेले, वरिष्ठांनी सही केलेले तास लागतात. म्हणजे आज तुम्ही जे काम करणार आहात त्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवलीत तर तीच उद्या अर्जाला जोडता येईल. नवा कॅमेरा आला ही तुमच्यासाठी संधी आहे, ती मॅनेजरच्या त्रासात हरवू देऊ नका.

तोवर चालव, कोण विचारतंय याचं उत्तर मात्र वेगळं. स्पेक्ट-सीटीमधला सीटी तीन कामांसाठी वापरतात. शरीरात किरण शोषले गेल्यानं चित्रात पडणाऱ्या फरकाची दुरुस्ती करायला, दिसलेला ठिपका नेमका कुठल्या हाडात किंवा अवयवात आहे ते दाखवायला, आणि पूर्ण निदानाचा सीटी म्हणून, कधी कॉन्ट्रास्टसह. पहिल्या दोन कामांसाठी डोस कमी असतो आणि बऱ्याच ठिकाणी प्रोटोकॉल आधीच बसवलेला असतो. तिसरं काम म्हणजे सरळसरळ सीटी तपासणी. तुमच्या राज्यात पहिलं आणि दुसरं काम न्यूक्लिअर मेडिसिनच्या लायसन्सवर चालतं का, की त्यालाही वेगळी परवानगी लागते, हे राज्याच्या किरणोत्सर्ग नियंत्रण कार्यालयाला लेखी विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर उद्या कुणाला आठवत नाही. मॅनेजरनाही लेखीच विचारा, आणि भांडणाच्या सुरात नको: अमुक प्रोटोकॉल मी माझ्या सध्याच्या सर्टिफिकेटवर करायचा आहे का, रेडिओलॉजिस्टनी तो मंजूर केला आहे का, कळवावं. ज्यांना तोंडी चालव म्हणायला काही वाटत नाही, ते लेखी चालव म्हणताना थांबून विचार करतात. उत्तर येईपर्यंत तिसऱ्या प्रकारची तपासणी करू नका. नोकरी जाईल ही भीती मला समजते. पण चुकीच्या आकड्यांवर झालेला सीटी परत घेता येत नाही.

दोनातलं एक सर्टिफिकेट सोडू का? आत्ता नाही. तीन कारणं सांगते. एक तर अडचणीत असताना घेतलेला निर्णय फीच्या रागातून घेतलेला असतो. दुसरं, सीटीची परीक्षा कुठल्या बोर्डाची द्यायची हे तुम्ही ठरवलेलं नाही. तिसरं, सोडणं एका अर्जाचं काम आहे, परत मिळवताना मात्र तुम्हाला पुन्हा पात्रतेपासून सुरुवात करावी लागू शकते. एआरआरटीचं तुमचं सर्टिफिकेट २०११ नंतरचं, म्हणजे दहा वर्षांच्या मुदतीचं आहे, आणि मुदत संपताना तुमच्या पात्रतेची फेरतपासणी होते. २०१६ मध्ये मिळालेल्या सर्टिफिकेटची ती फेरतपासणी आता दारात आली आहे. तिला पुन्हा परीक्षा समजून घाबरू नका. त्यातल्या स्वमूल्यमापनात पास-नापास नाही. तुमची कुठली बाजू कच्ची आहे ते त्यातून दिसतं आणि तेवढ्यापुरतं शिक्षण तुम्हाला सांगितलं जातं. ती पार पडली, सीटी झाला, मग शांतपणे तुमच्या राज्याचा नियम आणि ज्या नोकऱ्या तुम्हाला उद्या हव्या आहेत त्यांच्या जाहिराती वाचा. दोन्ही बोर्डं चालतात असं सगळीकडे लिहिलेलं दिसलं तर एक सोडायला माझी हरकत नाही. माझं मन विचाराल तर मी सीएनएमटी ठेवीन. ते आपल्या लोकांनी आपल्या कामासाठी बांधलेलं घर आहे. पण हा माझा जिव्हाळा झाला, तुमच्या राज्याचा कायदा वेगळं म्हणत असेल तर कायदा ऐका.

आणि सोसायटी? तुम्हाला वाटतं की वर्गणीतून तुमच्या हाती काही पडत नाही. क्रेडिट पडतात, ते सोडा. मी तुम्हाला सुईची गोष्ट सांगते.

डोस शिरेत न जाता आजूबाजूच्या मांसात गेला, की त्याला आपण इन्फिल्ट्रेशन म्हणतो. १९८० पासून न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनचं धोरण होतं, की अशी घटना वैद्यकीय अपघात म्हणून कळवायची गरज नाही. २०२० मध्ये एका अर्जानं हे धोरण बदलण्याची मागणी झाली आणि २०२२ च्या शेवटी कमिशननं अशा घटनांच्या नोंदीसाठी नियम करायचं ठरवलं. या दोन वर्षांत वाद कुणाच्या कामाबद्दल चालला होता? तुमच्या आणि माझ्या. सुई कोण लावतं? आपण. किती वेळा चुकते, का चुकते, कुणाला शिकवलं जातं आणि कुणाला नुसतं पाहून शिकावं लागतं, हे सगळं आपल्याला माहीत. सोसायटीनं सरसकट कळवण्याच्या विरोधात भूमिका मांडली. मला ती पूर्ण पटली नव्हती. ज्या रुग्णाच्या हाताला त्रास होतो त्याला ते सांगितलं गेलं पाहिजे आणि आपण त्यातून शिकलं पाहिजे असं माझं मत आहे. पण माझं मत मांडायची जागा मला होती, कारण मी सभासद होते. बाहेर राहिले असते तर माझ्या हातातल्या सुईबद्दलचा निर्णय मला नंतर पत्रानं कळला असता.

आता तर कामच बदलतंय. कर्करोगावरची किरणोत्सारी ल्युटेशियमची औषधं २०१८ आणि २०२२ मध्ये मंजूर झाली, आणि निदानाबरोबर उपचारही आपल्या खोलीत आले. त्यात टेक्नॉलॉजिस्टनं काय करायचं, किती शिकायचं, त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे येत्या वर्षांत ठरणार आहे. वर्गणी जड जात असेल तर एक वर्ष बाकी सगळे कार्यक्रम टाळा, परिषदेला जाऊ नका, पण नाव राहू द्या. आणि हॉस्पिटलला सांगून पाहा, की कुठल्याही एकाऐवजी ज्या सर्टिफिकेटवर माझं लायसन्स अवलंबून आहे त्याचे पैसे द्या. बरेचदा हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

राहिला भाचा. त्याचा डिप्लोमा चांगला असेल, त्याचे हात तयार असतील, तरी भारतातला डिप्लोमा दाखवून इथे थेट परीक्षेला बसता येईल असं त्यानं धरू नये. बोर्ड माणसाच्या आधी त्याचा कोर्स पाहतं, आणि तो कोर्स मान्य यादीत आहे का एवढंच तिथे विचारलं जातं. एआरआरटी २०१५ पासून किमान असोसिएट पदवीही (इथली साधारण दोन वर्षांची कॉलेज पदवी) मागते. त्यानं आपला अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचे तास आणि गुणपत्रिका जोडून दोन्ही बोर्डांना स्वतः लिहावं आणि पात्रतेचं उत्तर लेखी घ्यावं. ते उत्तर हातात येईपर्यंत कुठल्याही एजंटला, कुठल्याही क्रॅश कोर्सला एक पैसा देऊ नये. त्याचं उत्तर आलं की मला कळवा. नकार आला तर इथल्या मान्य कोर्सला प्रवेश घेताना त्याचं आधीचं शिक्षण कितपत धरलं जाईल ते आपण पाहू.

तुमची,
ताई